माझ्या पाठीचा जबाब

मी, पावायम्माळ, नाचिमुत्तू यांची पत्नी, वय ५६, धंदा जमखाने विणणे, राहणार भवानी, जिल्हा ईरोड, उद्या कण्याच्या दुसऱ्या ऑपरेशनला जाण्यापूर्वी हे लिहून ठेवते. पाय माझे ऐकत नाहीत, डोके ऐकते. मला कोणी धाक घातलेला नाही. घालणारे बाहेर ओट्यावर बसले आहेत.

१. राहते घर माझ्या वडिलांनी मला दिलेले आहे. मूलबाळ नाही. यजमानांनी त्यात हयातभर राहावे, नंतर ते माझी धाकटी बहीण पूंगोडी हिला जावे.

२. हातमाग विकावा. ज्या खड्ड्यात पाय सोडून मी जन्मभर विणत बसले, तो मातीने बुजवावा. आमच्यातल्या कोणीही पुन्हा त्यात बसू नये.

३. दगडी रगडा नणंदेला द्यावा. पहिल्या ऑपरेशननंतर ती म्हणाली होती, "वहिनी, पाठीत लोखंड बसलंय, आता रगडा जोरात फिरेल!" आता तिने फिरवावा.

४. घरातला मोबाइल पूंगोडीला द्यावा. कारण असे की ऑपरेशननंतर हॉस्पिटलातून त्यावर फोन येत: दुखणे दहापैकी किती, चालता किती, कामे जमतात का. फोन यजमान घेत.

"एकदम ठणठणीत! शून्य लिहा. डॉक्टर म्हणजे आमचे देव."

मी म्हणे, "अहो, डावा पाय बधिर झालाय, ते सांगा की."

"गप बैस. ज्यांनी उभं केलं त्यांचीच नाचक्की करतेस?"

आमच्या गल्लीत बाईची पाठ कोलमवरून, म्हणजे दारातल्या रांगोळीवरून, कळते. पहाटे दारात उभ्यानेच कमरेत वाकून पिठाची रेघ सोडायची. माझा कोलम आक्रसत उंबऱ्यापाशी आला, तेव्हा शेजारच्या अंगम्माळ अक्काने विचारले, "पावायी, दृष्ट दाराला लागली की तुझ्या पायाला?" तिला दिसले. हॉस्पिटलात शून्यच होते. परवा शेवटची रेघ जुळेना. मी त्या रेघेवरच कोसळले आणि मला माझे पाय सापडेनात.

डॉक्टर चिडले. "इतके दिवस बोलला का नाहीत? आमच्या नोंदीत तर तुम्ही सगळ्यांत बऱ्या!"

त्याच नोंदीच्या भरवशावर पूंगोडीने पुढच्या महिन्यात तिच्या पाठीच्या ऑपरेशनची तारीख घेतली आहे. "अक्का, तुझं शून्य ऐकलं म्हणून धीर झाला," म्हणाली. मला माझ्यापेक्षा तिची भीती वाटते.

५. म्हणून या कागदाची नक्कल माझ्या मरणाची वाट न पाहता आजच पूंगोडीला द्यावी. ऑपरेशन करायचे की नाही, हे तिने वाचून ठरवावे. केले, तर फोनवर तिचे तिने बोलावे.

६. माझ्यासाठी पुन्हा फोन येईल. तो पूंगोडीने घ्यावा. मी असेन तर माझ्या हातात द्यावा. नसेन, तर सुतकात आमच्याकडे कोलम काढत नाहीत. "दार कोरं आहे" एवढेच सांगावे. दुखणे शून्य असे लिहू देऊ नये.

साक्षीदार: अंगम्माळ, शेजारीण. वेलुस्वामी, सूत रंगवणारा.

यजमानही सही करायला पुढे आले होते. त्यांना या कागदातून लाभ आहे, शिवाय माझ्या वतीने ते पुरेसे बोलून झाले आहेत, म्हणून त्यांची सही घेतली नाही.

भवानी, १२ मार्च २०१९
सही: पावायम्माळ