बाभूळटेकची होडी

३० ऑगस्ट, शनिवार

आलो एकदाचा. सव्वीस वर्षं धुळ्यातल्या पोरांकडून शब्दरूपं घोकून घेतली, आणि तेवढीच वर्षं वर्तमानपत्राला ‘आमच्या वार्ताहराकडून’ बातम्या पाठवल्या. त्यानंतर माणसाने जावं कुठे, तर बेटावर.

बेट म्हणजे फार काही समजू नये. धरणामुळे तापीचा फुगवटा चढला तेव्हा इथल्या गावाचा जो उंचवटा बुडायचा राहिला, त्याचं नाव बाभूळटेक. या टोकाला शिंकलं की त्या टोकाच्या बकऱ्या मान वळवून बघतात. वस्ती दोघांची: बेबाबाई, वय पासष्टच्या आसपास, आणि आजपासून मी. बकऱ्या अकरा. बहुमत त्यांचं.

मुक्ताईनगरहून काठापर्यंत रिक्षा, पुढे चिंधा नावाच्या मासेमाऱ्याचा तराफा. चार ट्रॅक्टरच्या ट्यूबा, वर बांबू. चिंधाने मला, माझ्या पेटीला आणि पुस्तकांच्या खोक्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, गुरुजी, या तिघांतलं एक काहीतरी कमी करा. मी काहीच कमी केलं नाही, तेव्हा तो अर्ध्या वाटेपर्यंत बोलला नाही.

राहायला जुनं पंपघर मिळालं. जाड भिंती, पत्रा, एक बाज. आणि बेबाबाईच्या मांडवाखाली ती, जिच्यासाठी आलो: अठरा फुटी फायबरची मोटारबोट. बेबाबाईच्या मुलाकडून, हितेंद्रकडून घेतली. तो मुक्ताईनगरला असतो. थंडीत इथे लांबलांबचे पक्षी येतात, पक्ष्यांमागे कॅमेरेवाले येतात. त्यांना पाण्यावर फिरवावं आणि सावकाश म्हातारं व्हावं, असा बेत आहे.

होडीचा इतिहास ठाऊक आहे. लपवून विकलेली नाही. दोन वर्षांपूर्वी बेबाबाईचा नवरा पितांबर आणि केळी कापायला पिंपळनेरकडून आलेले पाच जण घड लादून काठाला निघाले आणि मधोमध गेले. सहाही. पिंपळनेरची माणसं म्हणून आमच्या धुळे आवृत्तीत बातमी आली, ती मीच लिहिली होती. ‘जलसमाधी’ हा शब्द वापरला होता. समाधी लावायला कोणी बसलं नव्हतं, हे तेव्हा सुचलं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर होडी उपसली. पालापाचोळा, लेंड्या, एक मेलेली घोरपड. गंमत अशी की एवढ्या घाणीत बाकांवर सहा ठिकाणी धुतलेली, घडी घातलेली, कोरडी फडकी. लुगड्याचे, धोतराचे तुकडे. मी ती बाजूला काढली. जेवून येतो तर पुन्हा जागेवर.

बेबाबाईला विचारलं. तिचं माहेर साक्रीकडचं, त्यामुळे बोलण्यात अहिराणीतलं ‘शे’ म्हणजे आहे, ‘बठ्ठा’ म्हणजे सगळा, असं येतं आणि मला धुळ्याच्या बाजारात असल्यासारखं वाटतं. म्हणाली, राहू द्या, त्यास्नी जागा शे. मी म्हटलं अक्का, रसायन सांडून खराब होतील. तर म्हणे मग मी धुईन. वर माझी अर्धी भाकरी उरलेली पाहून विचारलं, पुस्तके खाईसन पोट भरस का गुरुजी.

इंजिन अमृतने आधीच धुळ्याला नेलंय. अमृत माझा धाकटा भाऊ. आग्रा रोडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. वडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा, मी एकवीस. त्यामुळे मी त्याचा दादाही आहे आणि बापही, आणि तो दोघांचीही सारखीच टिंगल करतो. टेकडीच्या माथ्यावर फोन लागतो. म्हणाला, दादा, विभक्ती-प्रत्ययांवर होडी तरंगत नाही, तड्यांत लांबी नीट भर. एकवीस तारखेला, रविवारी, इंजिन घेऊन येतोय.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षक दिन. दोन माजी विद्यार्थ्यांचे संदेश आले. दोघांनीही ‘शुभेच्छा’ चुकीचं लिहिलं. म्हणजे शिकवलं मीच.

जुना रंग पॉलिशपेपरने घासून काढला. पुढच्या बाजूला दोन तडे होते, त्यांवर फायबरची जाळी बसवून रेझिन ओतलं. हार्डनर जरा जास्त पडला आणि डब्यातून धूर निघाला. बकऱ्यांनी सभात्याग केला. बेबाबाई लांबून बघत होती. म्हणाली, पितांबर असता तर हे काम दोन दिवसांत उरकून झोपला असता. मला हे कौतुक वाटत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

होडी पाण्यात सोडली. चिंधा आणि मी, ओंडक्यांवरून ढकलत. आत थेंब नाही. तळाशी वर्तमानपत्र पसरून पाहिलं, कोरडं.

पण ती खूप खाली बसते. रिकामी असून काठ पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं. चिंधाने वाकून पाहिलं, म्हणाला ही तर भरलेली आहे, आणि चहा न घेता गेला. काल तीन वेळा मागून प्यायला होता.

अमृतचं म्हणणं, फायबरच्या दोन थरांमध्ये फोम असतो, त्याने पाणी प्यायलं असेल. सांगितल्याप्रमाणे तीन भोकं पाडली. आतून भुसा निघाला. कोरडा.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपंधरवडा लागला. दरवर्षी घरी बादलीतल्या पाण्याने वडिलांचं तर्पण करतो. इथे अख्खी तापी. कंबरभर पाणी, दक्षिणेला तोंड, जानवं उजव्या खांद्यावर, ओंजळीत तीळ. वडील, आजोबा, पणजोबा झाले. समोर होडी होती, चार बोटांवर.

मनात आलं, या सहांना कोणी पाणी दिलं असेल का. पितांबर सोडला तर नावं ठाऊक नाहीत. शास्त्रात सोय आहे: ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप म्हणावं. आमचं मुळातच काश्यप, म्हणजे घरचंच काम. सहा ओंजळी सोडल्या, आमच्याच कुळाच्या रांगेत. वर्गात हजेरी घेतल्यासारखं वाटलं. ‘हजर’ तेवढं कोणी म्हणालं नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

होडी वर आली आहे. काठ पाण्यापासून हातभर उंच, वाऱ्यावर डुलते आहे. संस्कृतचा आयुष्यात पहिल्यांदा असा प्रत्यक्ष उपयोग झाला. खात्याला कळवायला हवं.

बेबाबाईला दाखवायला नेलं. ती होडीकडे बघून खाली बसली. विचारलं, काय केलं. मी सांगितलं, जरा ऐटीतच. ती उठली. होडीत उतरून सहा फडकी गोळा केली, आणि माझ्या पंपघराच्या आत, भिंतीशी, ओळीने मांडून गेली.

११ सप्टेंबर, गुरुवार

बाज बदलायला हवी. दुपारी जरा आडवा झालो तर सुंभ ताणलं जाऊन जमिनीला टेकलं. माझं वजन बासष्ट किलो आहे, गेली दहा वर्षं.

काठावरच्या चिखलात माझी पावलं पोटरीपर्यंत रुततात. बाजूने बेबाबाई चालली, तिची वरच्यावर.

फोमने पाणी प्यायलं असेल, असं माझ्याबाबतीत म्हणता येत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

भरदुपारी पंपघरात आलो. बाहेर ऊन. भिंतीशी, फडकी होती त्या जागी, सहा ओले डाग. पंगतीला बसल्यासारखे, सारख्या अंतरावर. फडकी पिळून निघतील इतकी भिजलेली. छत कोरडं, जमीन बाकी सगळी कोरडी.

बेबाबाईने येऊन फडकी बदलली. मग उंबऱ्यावर बसून सांगितलं. दोन वर्षं ते होडीत बसून होते, काठ येईल म्हणून. त्यांना दुसरं काही नको होतं, जरा कोरडं हवं होतं. तेवढं ती रोज देत होती. त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या रीतीने सगळं केलेलंच होतं, कोणी काही बाकी ठेवलं नव्हतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. ज्यास्ना जीव पानीमा गया, त्यास्ले तुम्हीन पानी पाजं, म्हणाली. आणि स्वतःच्या कुळात घेऊन पाजलंत. आता ते होडीत कशाला बसतील. घरच्या माणसाजवळ बसतील.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी विचारलं, पितांबरही? ती म्हणाली, दारापासून तिसरा.

१५ सप्टेंबर, सोमवार

निघून जायचं ठरवलं. चिंधा किराणा घेऊन आला, मी तराफ्यावर पाय ठेवला, चारही ट्यूबा पाण्याखाली. चिंधा कमरेपर्यंत पाण्यात. मी उतरलो, तराफा वर आला. पुन्हा चढलो. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा त्याने चढू दिलं नाही. हात जोडले. गुरुजी, मला दोन पोरी आहेत, एवढंच म्हणाला. किराणा पाण्यातूनच फेकला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

अमृतला फोन केला. येऊ नकोस म्हणालो, इंजिन विकून टाक. तो म्हणाला आधी सांग काय झालं. बातमी सांगावी तसं सांगितलं, कधी, कुठे, किती जण. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, बीपीची गोळी घेतोस ना दादा.

रविवारपर्यंत थांबत नाही म्हणाला, शनिवारीच येतो.

येऊ नकोस म्हणून सांगितलं, म्हणून लवकर येतोय.

१७ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा फोन करायला टेकडीवर चढलो. अर्धा तास लागला, दर पावलाला थांबत. फोन काढला तर काचेच्या आत पाणी. खिसा कोरडा होता.

बेबाबाईकडे फोन नाही. चिंधा येत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बसलो की खांद्याला खांदा लागतो. दोन्हीकडून. गार. मी सरकत नाही — सरकलो तर तेही —

तर्पण बंद केलंय. आंघोळही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या अमृत. त्याला पोहता येत नाही.

नीट विचार केला, शेवटचा नीट. ते माझ्याजवळ बसतात. मी जिथे बसतो ते बुडतं. म्हणजे मी होडीत बसायचं नाही. बस. अमृतने यावं, शिव्या द्याव्यात, परत जावं. मी इथे, ते इथे.

सोपं आहे. बेबाबाईला सांगितलं. तिने नुसती मान हलवली — हो म्हणून की कसं —

२० सप्टेंबर, शनिवार

काठावर, दगडावर बसून लिहितोय. दहा वाजले. अमृत आला. चिंधाने त्याला आणि इंजिनाला गुडघाभर पाण्यात उतरवलं आणि वळला.

मला बघून घाबरला. किती वाळलास म्हणाला. उठवायला हात धरून ओढलं, मी हललो नाही. हसला, मग हसायचा थांबला.

सव्वाअकरा. इंजिन बसवलं. दुसऱ्या ओढीला सुरू. चल म्हणाला. मी नाही म्हटलं. ओरडला. डोळे पुसले. मग म्हणाला ठीक आहे, डॉक्टर घेऊन येतो, आणि तुला उचलायला दोन माणसं.

छान. जा. एकटा जा. एवढंच हवं होतं मला. दगड माझ्या दोन्ही बाजूंना ओला आहे, सहाही इथेच —

होडी हातभर वर. हलकी. सुंदर दिसते, रंग चांगला बसलाय —

निघताना मला हसवायला ओरडला, लहानपणी करायचा तसं, स्टँडवरच्या काळीपिवळीवाल्यासारखं. चला मुक्ताईनगर, मुक्ताईनगर, बसा पटापट, लगेच निघणार.

मी हसलो.

पाय चिखलातून सुटला. सहज. खांदे — दगड वाळतोय, दोन्हीकडे —

नाही

अमृत, हाक मारली, इंजिनाच्या आवाजात — त्याला वाटतं निरोप देतोय, तोही हात हलवतोय —

होडीचा काठ वीतभर. चार बोटं. बेबाबाई पाण्यात धावली आहे, पितांबर उतर, पितांबर उतर म्हणतेय —

परत बोलवायला हवं त्यांना. माझ्याकडे. मी पाण्यात जातो, सहा ओंजळी परत मागतो, मीच दिल्या होत्या — पण हाक मारायची तर नावं — पितांबर एकटा उतरेल, बाकीचे पाच, बातमीतही मी नुसतं पाच मजूर, त्यांना काय म्हणून