बाणाच्या पोटात

सर,

श्रावणातला दुसरा सोमवार, सकाळचे अकरा. लातूरच्या तुमच्या क्लासमध्ये, खचाखच भरलेल्या वर्गासमोर, तुम्ही टेबलावरचं डस्टर उचललंत आणि माझा फळा पुसलात. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मीही निवृत्त झाले. तक्रार निवृत्त होत नाही, म्हणून लिहिते आहे.

नांदेडच्या कॉलेजात तुमच्यासमोर पहिल्यांदा बसले तेव्हा मी नुकतीच कॉन्व्हेंटमधून आलेली, सिस्टरांनी घोटवलेल्या गोल अक्षराची, पाठांतराची पक्की मुलगी. पहिल्याच चाचणीत मी झाड साखर कशी बनवतं याची आकृती काढली: ऊन, पान, बाण, साखर. तुम्ही माझा पेपर वर्गाला उंच धरून दाखवलात. "ह्या कॉन्व्हेंटच्या बाईंनी बाण लई सुबक काढलाय. आता सांगा बाई, बाणाच्या पोटात काय हाय?" मी पाठ केलेली व्याख्या म्हटली. "ठाऊक नसलं की माणूस बाण काढतो," तुम्ही म्हणालात. वसतिगृहात जाऊन मी रडले, तुम्हाला इंग्रजीतून शिव्या घातल्या, आणि त्यानंतर आयुष्यात एकही रिकामा बाण काढला नाही.

भूकंपानंतर तुम्ही नांदेडहून एसटीनं आलात. मी तेव्हा लातुरात शाळेत कायम नोकरीत होते, रजा काढून भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलांना सांभाळत होते. एका पोरीनं विचारलं, "जमीन कशानं हालली?" कुणी म्हणालं, देवी कोपली. कुणी म्हणालं, गप बस. तुम्ही मदतीच्या ट्रकमधून आलेली, वाळून कडक झालेली भाकरी उचलता, दोन तळहातांत कडेनं धरता आणि दोन्ही बाजूंनी दाबत राहता. बराच वेळ काहीच होत नाही. मग ती एकदम कट्टकन मोडते. पोरगी दचकते, तुकड्यांकडे बघत राहते आणि म्हणते, "अजून एक मोडा." पुढे तुम्ही लातुरात डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास काढलात, मला बोलावलंत, आणि मी त्या भाकरीच्या भरवशावर कायमची नोकरी सोडली. घरचे म्हणाले, हिचं डोकं फिरलंय. बरोबरच म्हणाले.

त्या सोमवारी मी रोगप्रतिकार शिकवत होते. पुस्तकात एवढंच होतं: पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे एका रेणूच्या खाचेत बसवून बाहेर पृष्ठभागावर मांडते, गस्तीच्या टी-पेशी ते तपासतात, विषाणूचा तुकडा दिसला की ती पेशी संपवतात. मधे सगळे बाण. निलंग्याची एक मुलगी उठली. "मॅडम, त्यो तुकडा त्या खाचीत बसतो कसा? आपोआप?" कितीतरी महिन्यांनी कुणी 'कसं' विचारलं होतं. मी तिला पुढे बोलावलं आणि कासारीण बांगड्या भरताना धरते तसा तिचा हात धरला. म्हटलं, हा रिकामा रेणू. एकटा सोडला तर आकार धरून राहत नाही. म्हणून पेशीच्या आत एक मदतनीस प्रथिन असतं, चॅपरॉन म्हणतात त्याला. ते रेणूला धरतं, खाच उघडी ठेवतं. तुकडे येतात. सैल बसतो तो निसटतो, दुसरा येऊन बघतो. घट्ट बसणारा मिळाला की खाच मिटते, मदतनीस हात सोडतो आणि रेणू तुकडा घेऊन वर निघतो. मदतनीस आतच राहतो, पुढच्या रिकाम्या रेणूसाठी. "आन् त्यो नसला तर?" तर सैल तुकडे घेऊन गेलेले रेणू वर टिकत नाहीत, आणि गस्तीला आजारी पेशी ओळखू येत नाही. मुली एकमेकींचे हात धरून बोटं दाबून बघत होत्या. मी ते सगळं फळ्यावर काढलं.

तेवढ्यात तुम्ही दारात. "बाई, हे पेपरात येत न्हाई. पोरं हितं डॉक्टर व्हायला आल्यात, प्रथिनांची सोयरीक जुळवायला न्हाई." वर्ग खदखदला. फळ्याशी माझ्याजवळ उभी असलेली ती मुलगीही हसली. डस्टर फिरलं, आणि मदतनिसाच्या जागी तुम्ही एक बाण काढलात. मी विचारलं, "सर, बाणाच्या पोटात काय आहे?" वर्गाला कळलं नाही. तुम्हाला कळलं, कारण खडू थांबला. मग म्हणालात, "पुढचा प्रश्न हाय, बाई. उरका."

मी खडू ठेवला आणि जिना उतरले, तो पुन्हा चढले नाही. तुम्ही ना निरोप पाठवलात, ना हाक मारलीत. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. तेराव्याला लोक तुमच्या क्लासच्या निकालाच्या गोष्टी सांगत होते, भाकरीची एकानंही सांगितली नाही. मी नंतर तासिका तत्त्वावर मिळेल त्या शाळेत शिकवत म्हातारी झाले. क्लासच्या त्या गल्लीतून अजून जाते. गल्लीभर नव्या क्लासांचे फ्लेक्स लागलेत आणि प्रत्येक फ्लेक्सवर वर जाणारा एक बाण आहे. ते मुकं प्रथिनसुद्धा तुकडा घट्ट बसल्याशिवाय हात सोडत नाही, सर. तुम्ही सोडलात.

तेव्हा येत्या सोमवारी सकाळी अकराच्या आत मला लेखी खुलासा हवा. का पुसलात? सविस्तर, पूर्ण वाक्यांत. मला विचारायचा राहिलेला हा एकच प्रश्न आहे, आणि हे पत्र कुठल्याही पेटीत पडणार नाही हे मला समजतं, मला शिकवू नका. उत्तरासाठी मागचं पान कोरं ठेवलंय. पूर्ण वाक्य जमत नसेल तर एक बाण काढा. त्याच्या पोटात काय आहे, ते मी विचारणार नाही.