आकडे मी तपासले होते

प्रिय भाई,

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र मामेभावाच्या हाती देते आहे. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

अब्बांच्या हृदयाची झडप निकामी होत चालली आहे. जिन्याच्या चार पायऱ्या चढले की पाचवीवर बसतात, आणि मी मागून आले की चपलेचा पट्टा सारखा करत असल्याचं दाखवतात. डॉक्टरीणबाईंनी येत्या सोमवारी शस्त्रक्रिया ठरवली. अब्बा म्हणाले, चाळीस दिवसांनी करू. कुराणातले शब्द मोजून केलेल्या त्यांच्या तक्त्यातून तीच तारीख निघते म्हणे. "तोवर थांबता येणार नाही," बाई म्हणाल्या. तर अब्बा माझ्याकडे बोट दाखवून कौतुकाने सांगायला लागले, "ही सर्वेक्षण कार्यालयात आकडेवारी बघते. माझे सगळे आकडे हिने तपासलेत." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र बघत बसले.

आठवतं ना तुला, निवृत्त झाल्यावर अब्बांनी कुराणातले शब्द मोजायला घेतले ते? 'दिवस' इतक्या वेळा, 'महिना' इतक्या वेळा, आणि वर्ष कसं बरोब्बर जुळतं! तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, पण नुसता हरखून गेला होता. तू म्हणालास, "इथे अनेकवचनं सोडलीत, तिथे धरलीत. उत्तर बघून गणित मांडताय, अब्बा. अल्लाहच्या किताबाला आपल्या बेरजेचा टेकू कशाला हवा?" त्यांनी वही मिटली. तू बॅग भरलीस.

पुढच्याच आठवड्यात ती वही त्यांनी माझ्यासमोर ठेवली. मी संगणकावर मोजलं. शब्दाची कोणती रूपं धरायची ते बदललं की एकाच शब्दाचे पाच वेगवेगळे आकडे येत होते. त्याच रीतीने मी शाळेतलं भूगोलाचं जुनं पुस्तक मोजलं, तर संध्याकाळपर्यंत त्यातही तीन 'चमत्कार' सापडले. हसू यायला हवं होतं. पण अब्बा दारात उभे होते, चहाचा कप हातात, निकाल ऐकायला आलेल्या विद्यार्थ्यासारखे. तू नुकताच गेलेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "बरोबर आहेत." मग त्यांनी पुस्तिका काढली आणि पहिल्याच पानावर छापलं, आकडे माझ्या मुलीने तपासले.

परवा मी माझ्या त्या मोजणीचे जुने कागद त्यांच्यापुढे ठेवले. वाटलं, ओरडतील, नाहीतर छातीला हात लावून तिथेच कोसळतील. यातलं काहीच झालं नाही. उत्तरपत्रिका तपासावी तसं त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "तेव्हाच माहीत होतं तुला?" मी मान डोलावली. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. कुराण पहिल्या पानापासून पुन्हा मोजताहेत, ओळीवर बोट ठेवून, धापा टाकत. मोजणी संपल्याशिवाय संमतीपत्रावर सही करणार नाहीत. मी मदत करू का म्हटलं, तर वही छातीशी धरली. दर थोड्या वेळाने मी दाराशी जाऊन त्यांचा श्वास ऐकते. मला फार भीती वाटते भाई. माझ्या एका शब्दापायी ते...

लिहवत नाही. आज सकाळी त्यांनी अम्मीजवळ निरोप दिला, "तिला सांग, मोठ्याला बोलाव. तो मला खूश करायला मोजणार नाही." सोमवारच्या आत ये. त्यांच्या शेजारी बस आणि मोज. माझ्यावर काय रागवायचं ते नंतर रागव.

तुझीच,
धाकटी