अर्धे दुकान आणि एक पाटी

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण नववी नापास, धंदा पूर्वी गाद्या भरणे व हल्ली अंतराळवीर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे, असे तीन डॉक्टरांनी लेखी दिले आहे. आमच्या घरात असा दाखला दुसऱ्या कोणाकडेही नाही. उद्या सकाळी माझे उड्डाण आहे आणि मला शिडीचीसुद्धा भीती वाटते, म्हणून सगळे आजच लिहून ठेवतो.

१. माझ्या निवडीवरून मागाहून वाद नकोत. वजन नसले की शरीराचे काय होते, हे पाहण्यासाठी अंतराळ केंद्राला डोके खाली व पाय वर करून महिनोन्‌महिने पलंगावर पडून राहणारी माणसे हवी होती. बाकीचे कंटाळून पळाले. मी पडून राहिलो, म्हणून पुढच्या प्रशिक्षणाला मलाच घेतले. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, लहानपणापासून ओरडत असे, "लोळून कोणाचं भलं झालंय का रे?" माझे झाले. हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

२. माझी दाभणे, कात्री व अंगुस्तान वहिनींना. दुकानात टाके त्याच घालतात. दादा नुसता गिऱ्हाइकांशी बोलतो.

३. काकांनी मला जन्मभर बिनकामाचा म्हटले आणि परवा वार्ताहरांना सांगितले की हा माझ्याच हाताखाली तयार झाला. त्यांना माझा एक फोटो द्यावा. सही नसलेला.

४. वडिलांच्या दुकानातला माझा अर्धा वाटा दादाला. अट अशी की, "अंतराळवीर याच गादीवर झोपत असे" ही दुकानावरची पाटी त्याने आधी उतरवावी. मी कापसाच्या पोत्यांवर झोपत असे. "गाद्या विकायला आहेत, आडवं व्हायला नाहीत," हा नियम त्याचाच होता. शिवाय वर गादी लागतच नाही. तिथे भिंतीला बांधलेल्या पिशवीत झोपतात आणि पाठीखाली काहीही नसते. गाद्यांत जन्म काढलेल्या माणसाला यापरते सुख नाही. मी एवढ्यासाठीच जात आहे. विज्ञानाचे वगैरे कोणी विचारले तर तेही सांगावे.

५. आज दुपारी दादा आला. मला जंतू लागू नयेत म्हणून मध्ये काच होती, बोलणे फोनवर. मी त्याला कलम चार वाचून दाखवले.

"पाटी नाही उतरणार," दादा म्हणाला. "गिऱ्हाईक रांग लावून उभं आहे."

"मग वाटा नाही."

"नको. साक्षीदार कोण घेतलाय?"

मृत्युपत्रासाठी बोलावलेल्या वकीलबाई त्याच्या शेजारीच होत्या. त्यांनी त्याला समजावले की ज्याला काही मिळायचे, त्याने साक्षीदार होऊ नये.

"मग मीच करतो सही," तो म्हणाला. "अर्धं दुकान माझ्या गळ्यात मारून हा वर लोळणार, आणि मी एकट्याने पिंजत बसायचं? मुकाट्याने परत ये, गाढवा. कापूस पडलाय."

६. सबब कलम चार रद्द. अर्धा वाटा आता ______ यांना. "असं कोरं चालत नाही," वकीलबाई म्हणाल्या. मी परत आल्यावर भरीन.

स्थळ: काचेची आतली बाजू. दिनांक: उड्डाणाचा आदला दिवस.

सही: धाकटा भाऊ, अंतराळवीर

साक्षीदार: वकीलबाई

साक्षीदार: थोरला भाऊ, गादीवाले (यांची सही एरवी ऐटबाज असते. येथे ती रेघ सोडून खाली घसरली आहे. खाडाखोड समजू नये.)