पाणपोईची जागा

किसनसिंग नाईक तांडा, ढाणकीजवळ
ता. उमरखेड, जि. यवतमाळ
दि. १८ मार्च २०२५

आदरणीय कोकिळाताईले,

भावसिंगचा जय भीम, आन आमच्या तांड्याकडून जय सेवालाल.

तुमचं पत्र सोमवारी भेटलं. इकडे सगळे बरे आहेत. हरभरा निघाला, दाणा यंदा बारीकच पडला. सुखीबाईचा गुडघा दुखते, तरी घरात बसत नाही. मी रागावलो का उलटी मलेच म्हणते, "तुमी बसा, तुमाले बसाची सवय आहे." तुमच्या बीपीचं वाचून तिनं दोनदा विचारलं, ताई गोळी घेते का म्हणून. घेत जा, बाप्पा. आता घरात आठवण करून द्यायले कोणी नाही.

पाणपोईचं समजलं. तुमच्या पोराच्या, संघर्षच्या नावानं माझ्या वावरात, तो जिथं पडला तिथंच, उन्हाळ्याची पाणपोई बसवाची. रांजण तुमी पाठवणार, जागा मी दाखवाची, आन पाटीवर त्याच्या नावाखाली माझंही नाव टाकाचं. ताई, ती जागा काही बराबर नाही. रस्ता आडवळणी आहे, दिवसातून चार माणसं जात नाहीत. बकऱ्या रांजण पाडतील. त्यापेक्षा ढाणकीच्या बस स्टॅन्डवर ठेवा, बजाराच्या दिवशी किती लोकं पाणी पेतील.

इथपर्यंत लिहून सुखीबाईले वाचून दाखवलं. ती म्हणे, "काहून खोटं लिहिता? शाळेची पोरं त्याच रस्त्यानं जातात, मजूर जातात. आन आपल्या बकऱ्या त बांधल्या असतात!"

खरं आहे. आता ती सरपणाले गेली. पुढचं मी तिच्यासमोर लिहू शकत नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाले मी अकोल्याले तुमच्या घरी आलतो, तवा सारं सांगतलं होतं. सप्टेंबरातला दिवस, मी कपाशीवर फवारणी करत होतो. सरावाचं लढाऊ विमान डोक्यावरून गेलं, आवाज भलताच निघाला, आन नाल्यापलीकडे धूर दिसला. सारा तांडा मोबाईल घेऊन धुराकडे पळाला. मले पॅराशूट दिसलं, मी तिकडे पळालो. हे सगळं खरं आहे. संघर्षचं डोकं मांडीवर घेतलं, तेही खरं. तोंडातून रक्त येत होतं.

तुमी विचारलं होतं, शेवटी काय बोलला. मी म्हटलं, "आई" म्हणाला. तुमी पदर तोंडाले लावला. मले वाटलं, चला, माउलीले तेवढा तरी आधार झाला. ते मी मनचं सांगतलं, ताई.

त्यानं पाणी मागतलं होतं. "काका, पाणी आहे का?" असं, आपल्या मराठीत.

पाणी होतं. बांधावरच्या बोरीले माझी निळी कॅन टांगली होती, अर्ध्याच्या वर भरलेली. पण ती कॅन औषधाची. इकडे आम्ही सगळेच फवारणीची रिकामी कॅन राखेनं घासतो आन पाण्याले वापरतो, मजबूत असते म्हणून. माझा चुलतभाऊ उकंडा फवारणीच्या विषानं गेला, तवा पोलीस घरातल्या साऱ्या कॅन घेऊन गेलते. "यातलं पाणी कोणाकोणाले पाजलं?" असं त्याच्या बायकोले तीन तीन डाव विचारलं. ती बाई अजून गाडीचा आवाज आला का दार लावते. तेच मले त्या घडीले आठवलं. मिलिटरीचा माणूस आहे, त्याच्या पोटात औषध निघालं त मले कोण सोडते?

मी म्हटलं, "नाही बाबू, पाणी नाही."

त्याची मान बोरीकडेच होती. कॅन त्याले दिसत होती. तो म्हणाला, "असू द्या, काका." तेच त्याचं शेवटचं बोलणं. ॲम्ब्युलन्स आली तवा तो गेलता.

जात पाहून नाही म्हटलं असं मनात आणू नका. छातीवर नावाची पट्टी होती, पण इंग्रजीत, मले वाचता आली नाही. पाण्याले नाही म्हणणं काय असते हे मी तुमाले काय सांगू, तुमच्या वाडवडिलांनी ते पिढ्यानपिढ्या ऐकलं. मी भ्यालो, बस. कधी वाटते, त्याच्याच भल्यासाठी नाही म्हटलं. पण तसं नाही, मी माझ्यासाठी भ्यालो. डॉक्टर म्हणे, पाणी पाजलं असतं तरी तो वाचला नसता. असंन. पण तहानेला गेला ना पोरगा.

मंग माझाच सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. नारळ पोरांनी फोडून खाल्ला. शाल पेटीत आहे, अंगावर घेतली नाही.

अजून एक सांगाचं राह्यलं. सगळे गेल्यावर मी ती कॅन बोरीवरून काढली आन उभ्या उभ्या पूर्ण पेलो. सकाळपासून तेच पाणी पेत होतो. मले काहीच झालं नाही, ताई.

रांजण पाठवाचे का नाही, ते आता तुमी ठरवा. पाठवले त जीव आहे तोवर रोज सकाळी मी भरीन, कोणालेच नाही म्हणणार नाही. पाटीवर फक्त त्याचं नाव टाका. नाही पाठवले त मी समजीन. पण त्यानं "आई" म्हटलं होतं, हे आता कोणाले सांगू नका. ते माझं खोटं आहे, तुमच्या तोंडी नको.

पाणी असून नाही म्हणणारा,
भावसिंग