मोरीआजोबांची तलवार

नागानो, जपान

अश्विनदादा, जयभीम.

मी मजेत आहो. आईचे गुडघे कसे आहेत? बाबाच्या खुन्यासाठी तू कुऱ्हाडीले धार लावून राहिला, असं तृप्तीवहिनी फोनवर म्हणे.

इथं ज्या मोरीआजोबांची देखभाल माझ्याकडे आहे, ते सामुराई घराण्याचे वारस. महायुद्धात त्यांच्याच फौजेतल्या एका कप्तानानं त्यांच्या बापाले मारलं. पंधरा वर्षांच्या पोरानं घरची तलवार काढली अन् एका घावात त्याले कापलं. जेल भोगली.

"जीव निवला का मग?" मी पुसलं.

"नाही. माझ्या बापाले काहून मारलं, हे त्याच्या तोंडून चारचौघांत वदवायचं राहिलं."

दादा, त्या रेतीवाल्यानं बाबाले ट्रॅक्टरखाली चिरडलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पेशीले मी येऊन राहिली. तोवर त्याले हात लावू नको. मले तो कोर्टात जिता पाहिजे.

तुझीच,
हर्षा