गंज लागू नये म्हणून

२४ सप्टेंबर
पुण्याच्या कंपनीचं ऑडिट तीन तारखेला. पास झालो तर पक्की ऑर्डर. नापास, तर रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या कारखान्यातले अर्धे लेथ बंद आणि माणसं घरी. ऑडिटर मॅडम म्हणे प्रत्येक गोष्टीला इंग्रजीत ‘व्हाय’ विचारतात. मी भीत नाही. फक्त जेवण गेलं नाही.

२५ सप्टेंबर, सकाळ
सुनेला गुरू केलं. प्रणोती शाळेत इंग्रजी शिकवते. म्हणाली, बाबा, आपल्या ‘साठी’चं आणि ‘म्हणून’चं काम तिकडे ॲडव्हर्ब ऑफ पर्पज करतात. टु, इन ऑर्डर टु, सो दॅट. बस, एवढंच? अच्छा! लेथ बिघडला की मी नुसत्या आवाजावरून सांगतो. इंग्रजीही कानानंच उचलू.

२८ सप्टेंबर
‘सो दॅट’ रद्द. त्याच्यामागे पूर्ण वाक्य जोडावं लागते, तिथं घाम फुटते. ‘टु’ फार चिल्लर वाटते. संकल्प: सगळीकडे ‘इन ऑर्डर टु’. वजनदार आहे.
बायकोनं, म्हणजे सुनेत्रानं, विचारलं, आता पुन्हा चहा काहून? इन ऑर्डर टु ड्रिंक, म्हणालो. ती कप परत घेऊन गेली.

३० सप्टेंबर
तालीम. प्रणोती ऑडिटर झाली. तयार पार्टना तेल काहून लावता? इन ऑर्डर टु प्रिव्हेन्ट रस्ट. गंज लागू नये म्हणून. एकदम बिनचूक! बाकी प्रश्नांना जीभ टाळूला चिकटली. हरकत नाही. एक तर पक्कं आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
मशीनांची पूजा. यंदा धाकधूक जास्त, म्हणून हळदकुंकूही जास्त. लेथ, ड्रिल, माप घ्यायची गेजेस, कोणालाच सोडलं नाही. सुनेत्रा म्हणाली, अहो, मॅडमनं कुंकवाचं विचारलं तर सरळ सांगा, पूजा केली. मी म्हटलं, तुला ऑडिट समजत नाही.

२ ऑक्टोबर
दसरा. सोनं वाटलं. दिवसभर छातीतला आवाज ऐकून राहिलो. बेअरिंग गेल्यासारखा.

३ ऑक्टोबर, सकाळ
तयार. शर्टाची बटणं दोनदा चुकली, पण ते आरसा वाकडा असल्यामुळे.

३ ऑक्टोबर, संध्याकाळ
ऑडिटर अवंतिका मॅडम मूळच्या नागपूरच्याच निघाल्या. सगळं मराठीतच विचारलं. मी इंग्रजीत बोललो. एवढी मेहनत वाया कशाला घालवायची? तेलाचं विचारलं, धाडकन सांगितलं. मॅडम खूश. मग त्यांनी एक गेज उचललं आणि हसत म्हणाल्या, काका, याला कुंकू काहून?
कानात शिट्टी वाजली. तोंडातून आपोआप निघालं, इन ऑर्डर टु प्रिव्हेन्ट रस्ट.
मॅडमचं हसू गेलं. पुन्हा विचारलं, नक्की? मी मान हलवली. त्यांनी लिहून घेतलं. माझ्या मते इम्प्रेशन चांगलं पडलं.

६ ऑक्टोबर
रिपोर्ट आला. सगळं पास, एक सोडून. कुंकवानं गंज थांबतो याचा लॅबचा दाखला द्यावा. तोवर ऑर्डर होल्डवर.
प्रणोतीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. सुनेत्रा देवघरात गेली आणि कुंकवाचा करंडा आणून माझ्यासमोर ठेवला. लॅबला पाठवायला.